दान कोणी मोजावे?

श्रावणाची झड लागली म्हणजे सीताबर्डीवरील शाळांच्या मैदानांत चिखल होतो आणि मधल्या सुट्टीत मुलांचे पाय आपोआप बैठ्या खेळांच्या कपाटाकडे वळतात. लुडो, सापशिडी, बुद्धिबळ, पत्ते, कॅरम ही ह्या कपाटातील मंडळी. पालकांपैकी कित्येकांना ह्या खेळांविषयी फारसा आदर नाही, हे आम्ही जाणून आहो. 'बसल्या बसल्या वेळ दवडण्याचे साधन' हा त्यांजवरील जुना आरोप आहे. सन २०२५ च्या जुलै महिन्यात आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताब मिळविला, तेव्हापासून निदान बुद्धिबळाच्या पटाला घरोघरी थोडी प्रतिष्ठा आली. लुडोच्या नशिबी मात्र ती अद्याप नाही. आमचे मत निराळे आहे. चौघांनी एका पटाभोवती बसावे, एकच नियम चौघांनी पाळावा, आणि हार झाली तर ती मुकाट्याने पत्करावी, हे शिक्षण नागरिकशास्त्राच्या तासापेक्षा ह्या पटाभोवती अधिक होते असे आम्हांस अनेक वर्षांच्या अनुभवाने वाटू लागले आहे.

परंतु हे पट बाजारासाठी तयार करणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी धरून ठेवलेली असते, ती ही की, खेळणाराला पट दिसतो. ज्याला तो नीट दिसत नाही त्याने काय करावे, ह्याचा विचार पेटीवर छापलेल्या नियमांत कोठेही आढळत नाही.

आमच्या शाळेत आठव्या इयत्तेत एक विद्यार्थी आहे. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. शाळेत सर्व त्याला ओळखतात. त्याच्या डोळ्यांतील पडद्याला असा विकार आहे की, त्यात प्रथम रात्रीचे दिसणे जाते आणि पुढे नजर कडेकडेने मिटत येते. डॉक्टर त्यास रेटिनायटिस पिगमेंटोजा म्हणतात. मधले दिसणे बहुधा पुष्कळ काळ टिकते, पण भोवतालचे जग अंधारात जाते. कागदाची सुरळी करून तिच्यातून पाहिल्यास वाचकांना थोडी कल्पना येईल. दोन वर्षांपूर्वी हाच मुलगा लुडोच्या पटावरून उठवता उठत नसे. गेल्या पावसाळ्यात मात्र तो खिडकीपाशी एकटा बसलेला आम्हांस दिसू लागला. वर्गातील मुले दुष्ट नव्हती; ती त्याला हाका मारीत, हात धरून पटापाशी आणीत. तरी चार डाव होण्यापूर्वीच तो काही निमित्त काढून उठे.

एके दिवशी आम्ही त्याला जवळ बसवून कारण विचारले. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, फासा मी टाकतो, पण तो घरंगळत कोठे गेला हे मला सापडेपर्यंत दुसरा कोणी तो उचलतो. किती पडले ते तोच सांगतो. मग मी खेळलो कोठे?"

आम्ही म्हटले, "मुले खोटे सांगतात काय?"

"कधी कधी कमी सांगतात, सर. त्याचे काही नाही, मग भांडता येते. पण कधी कधी जास्त सांगतात. माझी सोंगटी घरात जावी म्हणून चाराचे सहा करतात आणि एकमेकांकडे पाहून गप्प बसतात. मला ते कळते."

मराठीत फाशावर पडते तेही दान आणि भिकाऱ्याच्या झोळीत पडते तेही दान. ह्या मुलाच्या तक्रारीत दोन्ही अर्थ एकत्र आले होते. तेव्हाच आमच्या ध्यानात आले की, त्याच्यासाठी काही करावयाचे तर त्यास जिंकविण्याची सोय करून उपयोगी नाही. आपले दान आपण मोजता यावे, पटावर कोण कोठे आहे हे कोणालाही न विचारता पाहता यावे, आणि दुसऱ्याने लबाडी केली तर ती त्याला पकडता यावी, एवढी सोय हवी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आंधळा आणि डोळस असे जगाचे दोनच भाग करण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः त्या दोहोंच्या मध्ये एक मोठा प्रदेश आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ह्या कायद्याने त्याला 'अल्पदृष्टी' असे नाव दिले असून त्याची मापेही सांगितली आहेत. योग्य चष्मा लावूनही दोहोंपैकी बऱ्या डोळ्याची दृष्टी ६/१८ हून अधिक नसणे व ३/६० पर्यंत उतरणे, अथवा नजरेचा विस्तार ४० अंशांहून कमी होऊन १० अंशांपर्यंत आकुंचित होणे, ही ती मापे. ६/१८ म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर १८ मीटरांवरून वाचतो ते ह्या डोळ्याला ६ मीटरांवर येऊन वाचावे लागते. आता गंमत अशी की, ह्या एकाच नावाखाली परस्परविरुद्ध गरजांची माणसे येतात. उतारवयात ज्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडतो त्यांना पट मोठा व घरे ठळक हवीत. आमच्या विद्यार्थ्यासारख्यांना मोठा पट अडचणीचा, कारण तो नजरेच्या सुरळीत मावत नाही. त्यांना आटोपशीर पटच बरा. कोणाला झगझगीत उजेड हवा, तर कोणाचे डोळे त्याच उजेडाने दिपतात. गुळगुळीत चकचकीत पुठ्ठा मात्र बहुतेकांना वाईट, कारण त्यावर दिव्याची तिरीप चमकते आणि खालचे चित्र नाहीसे होते. म्हणून आधी विचारावे आणि मग हात लावावा. मार्काच्या शुभवर्तमानात यरीहोच्या वाटेवरील बार्तीमयाची हकीकत आहे. त्याला काय हवे हे कोणीही सांगू शकला असता. तरी प्रभूने प्रथम त्यालाच त्याची इच्छा विचारली.

हस्तकलेच्या तासाला नववीच्या मुलामुलींनी हे काम अंगावर घेतले. सामान सारे बर्डीच्या बाजारात मिळाले: टिकल्यांची पाकिटे, जाड सुती दोरा, सुतळी, मणी, पॉलिश पेपर, रबराच्या बारीक कड्या. नववीचा उत्साह इतका दांडगा की, पहिल्या आठवड्यात लुडोच्या पटावर जागा सापडेल तेथे काही ना काही चिकटले. आमच्या आठवीच्या विद्यार्थ्याने त्यावरून बोट फिरविले आणि हसून म्हणाला, "सर, ह्या पटावर सगळेच एकदम बोलतात!" सर्व मंडळी हसली, पण त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. बोट हे डोळ्यासारखे नाही. डोळा सारा पट एका दृष्टिक्षेपात पाहतो. बोट घरामागून घर चालत जाते, आणि वाटेत निष्कारण टेंगळे भेटली तर त्याचा मोजणीचा धागा तुटतो. ज्या खुणेने खेळात फरक पडत नाही ती खूण काढून टाकावी, असे ठरले व पट पुष्कळ उघडा झाला.

उरले ते असे. घराघरांमधील रेघांवर दोरा चिकटविला. जेथे सोंगटी मारता येत नाही त्या घरांत पॉलिश पेपरचा लहान चौकोन लावला. सोंगट्या ओळखावयाच्या त्या रंगाने न ओळखता आकाराने: लाल साधी, हिरवीच्या कमरेला रबराची कडी, पिवळीच्या डोक्यावर मणी, निळीच्या अंगावर कानशीने पाडलेली खाच. रंगही अगदी सोडून दिले नाहीत. पांढऱ्या घरावरील पिवळी सोंगटी मंद नजरेला जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तिच्या बुडाशी काळा पट्टा ओढला. बोटाने चाचपताना सोंगट्या सरकू नयेत यासाठी त्यांच्या तळाला बारीक लोहचुंबक व पटाखाली पत्रा घातला. ह्या ठिकाणी पालकांना एक सूचना करतो. घरातील स्टीलचे ताट ह्या कामी घ्यावयाचे असेल तर आधी चुंबक लावून पाहावे. उत्तम प्रतीच्या पुष्कळशा स्टीलला तो चिकटत नाही. साधा पत्राच बरा.

फाशाविषयी बराच वादविवाद झाला. लाकडाचा मोठा फासा करून ठिपक्यांच्या जागी गोल डोक्याच्या चुका ठोकाव्या असे एकाने सुचविले. त्यावर गणितात हुशार असलेल्या एका मुलीने हरकत घेतली की, सहाच्या बाजूस सहा चुका व समोरच्या बाजूस एकच, म्हणजे सहाची बाजू जड. जड बाजू खाली जाणार आणि वर एकच अधिक वेळा येणार. असा फासा आंधळ्यालाही फसवील आणि डोळसालाही! अखेर हलक्या, उंचवट्याच्या टिकल्यांनी बाजी मारली. फासा घरंगळू नये म्हणून तो जाड कापड अंथरलेल्या परातीत टाकावयाचा असे ठरले. आणि ह्या साऱ्यांहून महत्त्वाचा नियम मुलांनी स्वतः केला. ज्याने फासा टाकला त्यानेच त्याला बोट लावून दान मोठ्याने सांगावे, आणि तोपर्यंत इतर कोणी परातीला हात लावू नये. हा नियम एकट्यासाठी नव्हे, पटाभोवतीच्या सर्वांसाठी आहे. त्याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की, ज्यांची नजर उत्तम त्यांच्यातील फाशाविषयीची भांडणेही फार कमी झाली.

सापशिडीने मात्र आम्हां सर्वांची परीक्षा पाहिली. सुतळीचे साप व आइसक्रीमच्या काड्यांच्या शिड्या छान दिसल्या, परंतु बाजारच्या पटावर साप एकमेकांना ओलांडून जातात. दोन सुतळ्या जेथे मिळतात तेथे बोटाला वाट कळेना. एका सापाच्या तोंडी पडलेला गडी दुसऱ्याच्या शेपटीतून बाहेर निघू लागला. तेव्हा छापील पट बाजूला ठेवून शंभर घरांचा नवा पट आखला व त्यावर साप-शिड्या थोड्या आणि एकमेकांपासून दूर मांडल्या. सापाच्या तोंडाशी खरखरीत पॉलिश पेपर, शिडीच्या पायाशी गुळगुळीत गुंडी. घरे एका ओळीत डावीकडून व दुसऱ्या ओळीत उजवीकडून मोजावी लागतात, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी वर वळण्याची खूण म्हणून दोऱ्याची एक गाठ ठेवली. कॅरम व पत्ते ह्यांचे थोडक्यात सांगतो. पत्त्यांच्या कोपऱ्यांवर मोठे ठळक आकडे व ब्रेलचे ठिपके असलेले जोड तयार मिळतात. कॅरमवर दिवा टांगण्याची आपली जुनी रीत ही मंद नजरेची मोठी सोयच आहे. आम्ही फक्त डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून दिव्याला खोल टोपी घातली.

डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात हे सर्व पट प्रदर्शनात मांडले होते. एका विद्यार्थिनीची आजी, जिची मधली नजर गेलेली आहे, नातीचा हात धरून तेथे आली. आमचा लुडो तिने चाचपून पाहिला, पण तिचे मन त्यात रमले नाही. तिने कनवटीची पिशवी सोडून चार कवड्या बाहेर काढल्या आणि फळ्यापाशी पडलेला खडू मागून फरशीवर चल्लस-आठचा पट आखावयास नातीला सांगितले. पाच घरे उभी, पाच आडवी. कवड्या पडल्या की ती त्यांवरून पंजा फिरवी आणि उताण्या किती व पालथ्या किती हे आमच्या डोळ्यांआधी सांगे. चारही पालथ्या पडल्या तर आठ. एका टारगट नातवाने तिची फिरकी घेण्यासाठी दान कमी सांगितले, त्यासरशी आजी गरजली, "काहून रे, मले दिसत नाई म्हनून तिनाचे दोन सांगतं का?" आम्ही ते पाहून चकित झालो. कवडीचे तोंड चिरलेले व पाठ गुळगुळीत; फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू सपाट व दुसरी फुगीर. जुना सारीपाटही कापडाचा, शिवणीने व भरतकामाने घरे पाडलेला, असे. जे आम्ही टिकल्या व पॉलिश पेपरने करू पाहत होतो ते ह्या खेळांत मूळचेच होते. छापील पुठ्ठ्याचा पट आला तेव्हा ते आपल्या हातून गेले.

आता बुद्धिबळाकडे वळू, कारण ह्या खेळात अंध व अल्पदृष्टी खेळाडूंची सोय कोणाच्या मर्जीवर ठेवलेली नसून जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या म्हणजे फिडेच्या नियमावलीतच ती लिहिलेली आहे. अशा खेळाडूंच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात. प्रत्येक घरात भोक व प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाशी त्यात बसणारी खुंटी असते, आणि काळ्या मोहऱ्यांवर बोटाला कळेल अशी खूण असते. खेळ दोन पटांवर चालतो, प्रत्येकाच्या हाताखाली स्वतःचा पट. आपली चाल मोठ्याने सांगावयाची, प्रतिस्पर्ध्याने ती उच्चारून आपल्या पटावर करावयाची. ऐकण्यात घोटाळा होऊ नये म्हणून उभ्या ओळींना अक्षरांऐवजी ॲना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावे दिलेली आहेत. ह्यात आम्हांस सर्वांत आवडलेला भाग पुढील आहे. शिवलेले मोहरे चालवावेच लागते, हा बुद्धिबळाचा कडक नियम तुम्हांस ठाऊक आहे. मग जो बोटांनीच पट पाहतो त्याने काय करावे? नियम सांगतो की, मोहरे भोकातून उपसले म्हणजेच ते शिवले असे समजावे. पाहण्यासाठी कितीही हात फिरवा, त्याला हरकत नाही. उपसलेत की मात्र सुटका नाही. ह्यात सवलत नाही आणि दयाही नाही. नियमाची कडकी तशीच ठेवून तिची जागा तेवढी बदलली आहे. कायदा कसा करावा ह्याचा इतका सुंदर नमुना आम्ही थोडाच पाहिला असेल.

ह्या कामात शिक्षकांचाही हात लागला आहे. इंग्लंडातील वूस्टर येथील अंध विद्यालयात गणित शिकविणारे रेजिनाल्ड बोनहॅम हे स्वतः दृष्टिहीन होते. त्यांनी १९३४ साली ब्रेल लिपीत बुद्धिबळाचे नियतकालिक काढले, आणि १९५१ साली आंतरराष्ट्रीय ब्रेल बुद्धिबळ संघटना उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीने. आपल्याकडे मुंबईचे चारुदत्त जाधव ह्यांची दृष्टी लहानपणीच गेली. त्यांनी अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघाची उभारणी केली, व त्यांच्या तरुण खेळाडूंवर 'अल्गोरिदम्स' हा चित्रपटही २०१२ साली निघाला. चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत वडोदऱ्याच्या दर्पण इनानी ह्यांनी बुद्धिबळात सुवर्णपदक मिळविले. आणि आमच्यासारख्या मिशनच्या शिक्षकांना आठवण ठेवण्याजोगे म्हणजे, १९०० साली दुष्काळाच्या दिवसांत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली.

अशा पटांपैकी एक आम्ही शाळेसाठी आणविला. आठवीच्या आमच्या विद्यार्थ्याला त्यातील उंच घरांची सध्या खरी गरज नाही. चांगल्या उजेडात तो साध्या पटावर खेळू शकतो. लुडोच्या वेळीही आम्ही त्याला विचारले होते की, तुला ठळक रेघाच पुरतात, मग दोरा कशाला हवा? तो म्हणाला होता, "राहू द्या सर, पुढे लागेल." त्याच्या आईवडिलांना डॉक्टरांनी जे सांगितले आहे ते त्यालाही माहीत आहे. पुढे लागेल म्हणून तो आताच डोळे मिटून बोटांनी पट वाचण्याचा सराव करतो. ह्या वर्षी मधल्या सुट्टीत तो खिडकीपाशी बसत नाही. जानेवारीत त्याने दहावीच्या एका मुलाचा लुडोचा डाव मध्येच थांबविला, सोंगट्यांवरून बोट फिरवून निळीने एक घर अधिक खाल्ले आहे हे सिद्ध केले, आणि ती सोंगटी मागे घेण्यास त्याला भाग पाडले. नंतर तो डाव आमचा विद्यार्थी हरला. त्यावरून दोघांत जे कडाक्याचे भांडण झाले ते आम्ही बाजूच्या खोलीतून ऐकले व मध्ये पडलो नाही.

हे पट सुट्टीच्या दिवसांत घरी नेण्यास मिळतील. कपाटाच्या किल्ल्या ग्रंथालयात असतात. ज्यांच्या घरी कमी दिसणारे आजीआजोबा आहेत त्यांनी अवश्य न्यावेत. नववीच्या मुलांना आणखी दोन पट करावयाचे असून त्यासाठी दोन आकारांच्या जुन्या गुंड्या, फोडलेले चिंचोके व एकसारख्या मोठ्या कवड्या हव्या आहेत. घरी असतील त्यांनी हस्तकलेच्या खोलीत आणून द्याव्यात. कवड्यांची तोंडे मात्र झिजलेली नसावीत. आजीबाईंनी तशी ताकीद दिली आहे.